चिखलाचा टायर कोणता? आधी मातीला विचारा!



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शाळेच्या मागे एक मुरमाड टेकडी आहे. नववीतल्या एका मुलाला त्याच्या वडिलांनी जून महिन्यात नवी सायकल घेऊन दिली होती. टायर चांगले चार इंच रुंद, मोटारसायकलला लाजवतील असे. "सर, आता चिखल माझे काही करू शकत नाही," असे तो मोठ्या आनंदाने मला सांगून गेला. पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या रविवारी तो आणि त्याचा मित्र ती टेकडी उतरू लागले. मित्राची सायकल थोरल्या भावाची, जुनी. तिचे टायर रुंदीला निम्मे, पण त्यांचे दाते अजून शाबूत होते. मित्र धडपडत का होईना, खाली पोचला. नव्या सायकलीचे पुढचे चाक मात्र पहिल्याच वळणावर साबणावरून घसरावे तसे घसरले. दोन दिवसांनी हा मुलगा डाव्या मनगटाला प्लास्टर घालून वर्गात आला आणि आल्या आल्या त्याने मला दोन प्रश्न विचारले. "सर, माझा टायर रुंद असून घसरला कसा? आणि चिखलासाठी सगळ्यांत चांगला टायर कोणता?"

पहिला प्रश्न उत्तम आहे. दुसरा प्रश्नच मुळी चुकीचा आहे, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. त्यात थोडी माझी स्वतःचीही कबुली आहे. आदल्या वर्षी मीच या मुलांना घर्षणाचा नियम फळ्यावर लिहून दिला होता. तो नियम कोठे चालतो हे मी सांगितले. कोठे चालत नाही, हे सांगायचे मात्र राहून गेले. नियमाची हद्द न सांगता नियम शिकवणे म्हणजे नदीची खोली न सांगता पोहायला पाठवण्यासारखेच आहे.

उताराचा खेळ

डोंगरी सायकलने उतार उतरण्याच्या खेळाला 'डाऊनहिल' म्हणतात. त्याची एक प्रसिद्ध सुरुवात अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात झाली. तेथे फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर १९७६ सालापासून काही तरुण शर्यती लावू लागले. रस्ता सुमारे सव्वातीन किलोमीटर लांब आणि तेवढ्यात उतार सुमारे ४०० मीटरचा! त्यांच्या सायकली जुन्या, जाड टायरांच्या होत्या आणि ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात, पायडल उलटे दाबल्यावर लागणारा. उतरता उतरता तो तुंबा इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि पुन्हा नवे ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या रस्त्याचे नावच 'रीपॅक', म्हणजे 'पुन्हा भरा', असे पडले. या मंडळींपैकी जो ब्रीझ याने १९७७ साली खास डोंगरासाठी सायकल बांधली आणि डोंगरी सायकलींचा धंदा तेथून वाढत गेला.

ते डोंगर बहुतेक काळ कोरडे व धुळीचे असतात. हाच खेळ पुढे ब्रिटन, आल्प्स पर्वत अशा पावसाळी मुलखांत गेला, तेव्हा टायरांपुढचा प्रश्न बदलला. २०११ साली स्वित्झर्लंडमधील शाँपेरी येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. उतार भयंकर तीव्र आणि पावसाने त्याचा राडा झालेला. ज्या खेळात विजेत्याचा फरक बरेचदा सेकंदाच्या अंशात मोजतात, तेथे डॅनी हार्ट हा १९ वर्षांचा ब्रिटिश तरुण ११ सेकंदांहून अधिक फरकाने जिंकला. जगातले निवडक स्वार, त्यांच्या हाताशी बाजारातले उत्तमोत्तम टायर, आणि तरीही एवढा फरक! यावरून एक गोष्ट आधीच लक्षात ठेवू या. टायर पुष्कळ काही करतो, सगळे करत नाही.

दोन नियम, एकच शास्त्रज्ञ

आता पुस्तकातल्या नियमाकडे वळू. दोन कोरडे पृष्ठभाग एकमेकांवर घासत असतील, तर घर्षण बल हे त्यांच्यावरील लंब दाबाच्या प्रमाणात असते आणि संपर्कक्षेत्रावर अवलंबून नसते. विटेची रुंद बाजू खाली ठेवा की अरुंद, ओढायला बल तेवढेच लागते. फ्रेंच शास्त्रज्ञ आमाँताँ याने १६९९ साली हे मांडले आणि कुलोम्बने पुढे १७८१ साली पारितोषिक मिळालेल्या आपल्या प्रबंधात ते अधिक काळजीपूर्वक तपासले. विद्युतभारांच्या नियमात तुम्ही ज्याचे नाव वाचता, तोच हा कुलोम्ब.

पण कुलोम्बचा आणखी एक नियम आहे आणि तो शाळेत आपल्याला भेटत नाही. कुलोम्ब मूळचा लष्करी अभियंता. वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्याचे काम त्याने कित्येक वर्षे केले. भिंतीमागची माती केव्हा घसरते, हा त्याच्या रोजच्या कामातला प्रश्न होता. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने मातीच्या बळाचे दोन हिस्से केले. पहिला हिस्सा कणाकणांमधल्या घर्षणाचा. वरून भार वाढला की तो वाढतो. दुसरा हिस्सा कणांनी एकमेकांना धरून ठेवण्याच्या ताकदीचा. तो भारावर अवलंबून नसतो, तर मातीचे किती क्षेत्र फाटणार आहे यावर अवलंबून असतो. क्षेत्र दुप्पट, तर हा हिस्साही दुप्पट.

म्हणजे गंमत पाहा. एकाच माणसाचे दोन नियम. एकात क्षेत्राला स्थान नाही आणि दुसऱ्यात आहे. यांत खोटा कोणताच नाही. पहिला घन पृष्ठभागांचा आहे, दुसरा मातीचा. चिखलातली सायकल प्रामुख्याने दुसऱ्या नियमाच्या राज्यात असते. टायरचे दाते मातीत घुसतात. आता चाक घसरायचे तर दात्यांमध्ये सापडलेला मातीचा थर खालच्या थरापासून फाटला पाहिजे. तेव्हा पकड किती, हे रबराइतकेच मातीनेही ठरवायचे असते. माती पाण्याने भरली की तिचे कण एकमेकांपासून सुटतात आणि वरून पडलेला भार कणांवर न येता बराचसा मधल्या पाण्यावर येतो. त्यामुळे "वजन जास्त, म्हणून घर्षण जास्त" हा हिशेबही तेथे लंगडा पडतो.

रबराचीही एक खोड येथेच सांगतो. कोरड्या खडकावरसुद्धा रबर पहिला नियम तंतोतंत पाळत नाही. ते मऊ असल्याने पृष्ठभागाच्या खाचाखळग्यांत शिरते, तेथे चिकटते, आणि दबून पुन्हा मूळ आकारात येताना थोडी ऊर्जा गिळते. पाण्याचा पातळ थर आला की चिकटणे कमी होते. दबून सावकाश वर येण्याचा गुण तेवढा उरतो. म्हणून ओल्या खडकासाठी मऊ आणि हळू वर येणारे रबर लागते.

रुंद टायर का घसरला?

आता आमच्या विद्यार्थ्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. थोडा हिशेब करू. स्वार आणि सायकल मिळून वजन ७० किलो धरा. पुढच्या चाकावर त्यातले निम्मे, म्हणजे ३५ किलो. टायरमध्ये चौरस इंचाला ४० पौंड हवा असेल, तर तो दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.८ किलो होतो. ३५ ला २.८ ने भागले की टायर जमिनीला किती क्षेत्रावर टेकला आहे ते कळते. उत्तर येते १२.५ चौरस सेंटिमीटर. टायरच्या भिंतीचा ताठरपणा आपण सोडून दिला, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे. पण दिशा बरोबर दाखवतो. चार इंची टायरमध्ये हवा फार कमी ठेवतात. ती १० पौंड धरली, तर संपर्कक्षेत्र ५० चौरस सेंटिमीटर होते आणि दर चौरस सेंटिमीटरला भार उरतो अवघा ०.७ किलो.

हे चार इंची टायर मुळात वाळू आणि बर्फ यांसाठी उत्तम. तेथे चाक रुतू नये, वरच्या वर तरंगावे, हाच हेतू असतो. पण आमच्या टेकडीवर खाली कठीण मुरूम होता आणि वर बोटभर पातळ चिखल. तेथे तरंगणे हाच अपघात! मित्राच्या अरुंद टायरने चिखल कापला आणि त्याचे दाते खालच्या मुरमापर्यंत पोचले. रुंद टायर चिखलाच्या थरावरच राहिला आणि वळणाच्या वेळी त्या थराने साथ सोडली.

पण म्हणून "अरुंद टायरच चांगला" असा नवा मंत्र कोणी पाठ करू नये. जेथे चिखलाखाली कठीण थर वीतभर खोलीवरही सापडत नाही, तेथे अरुंद टायर नुसता खाली जात राहील. याच कारणासाठी दुसरा प्रश्न मला चुकीचा वाटतो. 'सगळ्यांत चांगला टायर' अशी वस्तू जगात नाही. अमुक मातीला, अमुक ओलीला, अमुक उताराला बरा टायर, एवढेच म्हणता येते.

मातीप्रमाणे निवड

उतारावर भेटणाऱ्या ओल्या जमिनीचे मी चार ढोबळ प्रकार करतो.

पहिला प्रकार, कठीण जमिनीवर पातळ चिखल. येथे उंच, टोकदार, एकमेकांपासून दूर असलेले दाते आणि मध्यम रुंदीचा टायर हवा. दाते चिखलातून खाली पोचले पाहिजेत.

दुसरा प्रकार, चिकणमाती. आपल्या दख्खनच्या पठारावरची काळी माती घ्या. ती चाकाला लाडवासारखी लपेटते, मडगार्डात बसते आणि शेवटी चाक फिरूच देत नाही. हे खेड्यातल्या मुलांना सांगायला नको. येथे दात्यांच्या उंचीपेक्षा त्यांच्यामधली मोकळी जागा महत्त्वाची. माती दात्यांत अडकून बसली की टायर गुळगुळीत झाल्यासारखाच. मग ती उडवायची कशी? चाकाच्या वेगाने. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले की परिघावरच्या कणाचे त्वरण मिळते. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर. उत्तर येते सुमारे २८६, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या २९ पट! एवढे बल चिखलाच्या ढेकळाला धरून ठेवायचे, तर चिकटपणा तसाच जबर हवा. पण ताशी ९ किलोमीटर वेगाला हेच त्वरण १६ पटींनी घटते आणि गुरुत्वत्वरणाच्या दुपटीलाही पोचत नाही. म्हणून वेगवान स्वाराचा टायर स्वच्छ राहतो आणि घाबरत घाबरत उतरणाऱ्याचा तोच टायर माखतो. याचा अर्थ वेग वाढवा असा मुळीच नव्हे. ज्याला सावकाश उतरायचे आहे, त्याने काळ्या मातीत कोणत्याच टायरवर विसंबू नये, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा प्रकार, रानातली मऊ, पालापाचोळ्याची ओली माती. ती दात्यांना घुसू देते आणि बऱ्यापैकी धरूनही ठेवते. उंच दात्यांचा टायर येथे सर्वांत शोभतो. विशेषतः कडेचे दाते भक्कम हवेत, कारण वळताना सायकल कलते आणि सारा भार कडेवर येतो.

चौथा प्रकार, ओला खडक आणि झाडांची उघडी मुळे. पावसात सह्याद्रीतल्या काळ्या कातळावर शेवाळ चढते, तो याच प्रकारातला. येथे उंच दाते चक्क शत्रू होतात. दगडात ते घुसू शकत नाहीत. नुसत्या टोकांवर उभे राहतात आणि वाकतात. त्यापेक्षा ठेंगणे, रुंद माथ्याचे दाते, मऊ रबर आणि थोडी कमी हवा यांचा उपयोग जास्त. रबराचा मऊपणा 'शोअर' नावाच्या मापाने सांगतात. डोंगरी टायरांच्या वर्णनात ४२, ५०, ६० असे आकडे दिसतात; आकडा लहान तितके रबर मऊ. मऊ रबर लवकर झिजते, हेही खरे. पकड आणि आयुष्य दोन्ही पुरेपूर मिळत नाही. एकाची किंमत दुसऱ्यात मोजावी लागते.

एकाच उतारावर हे चारही प्रकार एकामागून एक येतात, ही खरी अडचण. म्हणून स्पर्धांमधले कारागीर उंच दात्यांचे शेंडे कात्रीने कापून ठेंगणे करतात. म्हणजे ते चिखलातही थोडे घुसतात आणि खडकावरही कमी वाकतात. काही कंपन्या तर असे 'मधले' टायर तयारच विकतात; मॅक्सिस कंपनीचा 'शॉर्टी' हा त्यांतलाच एक. त्याच कंपनीचा 'वेटस्क्रीम' हा पूर्ण उंच दात्यांचा. एकाच कारखान्यातून दोन्ही निघतात, यातच 'सर्वांत चांगला कोणता' या प्रश्नाचे उत्तर आहे.

आधी पुढचे चाक, आणि आधी हवा

पैसे एकाच चांगल्या टायरपुरते असतील तर तो कोठे घालावा? पुष्कळ जण मागे घालतात, कारण मागचा टायर लवकर झिजलेला दिसतो. उतारासाठी तो पुढे घालावा, असे माझे ठाम मत आहे. मागचे चाक घसरले तर सायकल शेपूट हलवते आणि बहुधा सावरता येते. पुढचे घसरले तर सावरायला वेळच मिळत नाही. शिवाय उतारावर ब्रेक लावून वेग कायम राखताना भार पुढे सरकतो. १५ अंशांचा उतार, जमिनीपासून गुरुत्वमध्य १.१ मीटर उंच आणि दोन्ही चाकांच्या आसांमधले अंतर १.२ मीटर धरले, तर एकूण वजनाचा सुमारे पाव हिस्सा मागून पुढे जातो. मुळात अर्धे-अर्धे असलेले वजन पुढे जवळजवळ पाऊण आणि मागे पाव होते. स्वार अंग मागे नेतो ते हाच फरक कमी करण्यासाठी. ज्या चाकावर पाऊण भार, त्यालाच उत्तम टायर मिळायला हवा.

आणि टायर विकत घेण्याआधी हवेकडे पाहा. ती फुकट आहे. हवा थोडी कमी केली की टायर खडकाला आणि मुळांना बिलगतो. पातळ चिखलाखाली कठीण थर असेल, तर मात्र फार कमी हवा उलटी बाधते, हे आपण वर पाहिले. शिवाय हवा फार उतरवली की दगडाचा दणका थेट रिमपर्यंत जातो, ट्यूब दोन्हींमध्ये चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात. साप चावल्यासारखी ही जोडखूण सायकल दुरुस्त करणारे लोक लगेच ओळखतात. तेव्हा एका वेळी दोन-तीन पौंड कमी-जास्त करून, तोच छोटा उतार पुन्हा उतरून, वहीत नोंद ठेवणे हाच खरा मार्ग. हाच तर प्रयोग!

शाळेची वाट वेगळी

आता एक आक्षेप येईल. "सर, आम्ही काही स्वित्झर्लंडला शर्यतीला जात नाही. आम्ही रोज डांबरी रस्त्याने शाळेत येतो." अगदी बरोबर, आणि म्हणूनच ही गोष्ट तुम्हाला जास्त महत्त्वाची आहे. डोंगराच्या सायकलीसारखी दिसते म्हणून उंच दात्यांची सायकल घेण्याची हौस आज शहरात फार आहे. ओल्या डांबरी रस्त्यावर हे दाते ओल्या खडकावरच्यासारखेच वागतात. रबर कमी टेकते, दाते वाकतात आणि वळणावर सायकल डचमळते. तेथे जवळजवळ सपाट टायरच बरा.

"पण नक्षी नसेल तर टायर पाण्यावर तरंगेल ना?" मोटारीला हा धोका असतो, सायकलीला जवळपास नसतो. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने विमानांच्या चाकांसाठी काढलेला एक ढोबळ नियम आहे. टायरमधल्या हवेच्या दाबाचे, चौरस इंचाला पौंड या मापातले, वर्गमूळ काढा आणि त्याला ९ ने गुणा. पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग नॉटमध्ये मिळतो. ४० पौंडांसाठी उत्तर ५७ नॉट येते, म्हणजे ताशी सुमारे १०५ किलोमीटर. शाळेला कितीही उशीर झाला तरी हा वेग तुम्ही गाठणार नाही! पातळ चिखलाची गोष्ट वेगळी. तो पाण्यासारखा चटकन बाजूला सरकत नाही. डांबरी रस्त्यावर सायकल घसरते ती बहुधा पांढऱ्या पट्ट्यांवर, लोखंडी झाकणांवर, सांडलेल्या तेलावर किंवा शेताबाहेर पडलेल्या मातीवर. शाळेच्या सायकलीसाठी म्हणून माझा सल्ला साधा आहे. भेगा न पडलेले रबर, योग्य हवा, आणि पावसाळ्यापूर्वी ब्रेकचे रबर बदलणे. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा धरतो, हे विसरू नका.

शिक्षकांना एक विनंती

घर्षणाचा धडा शिकवताना लाकडी ठोकळा आणि टेबल एवढ्यावर थांबू नका. एक पसरट तसराळे घ्या, त्यात अंगणातली माती भरा. ठोकळ्यावर एक किलोचे वजन बांधा आणि ताणकाट्याने ओढून तो कोणत्या आकड्याला सरकतो ते लिहा. मग मातीत एकेक पेला पाणी घालत जा आणि दर वेळी तीन वाचनांची सरासरी घ्या. तोच प्रयोग ठोकळ्याखाली चार खिळे ठोकून, नंतर दुप्पट खिळे ठोकून पुन्हा करा. पाणी आडव्या अक्षावर आणि बल उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. काळी माती, मुरूम आणि वाळू यांचे आलेख शेजारी शेजारी लावा. उत्तर मी मुद्दामच सांगत नाही. पुस्तकातला नियम कोठवर साथ देतो आणि कोठे सोडतो, हे मुलांना स्वतःच्या हाताने कळू द्या. परीक्षेला हे विचारले जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण मनगट मोडते ते परीक्षेत नव्हे, उतारावर.

आणखी एक मत मांडून थांबतो. काही दिवशी योग्य टायर कोणता, याचे उत्तर 'कोणताच नाही' असे असते. भिजून लिबलिबीत झालेल्या पायवाटेवर चाके फिरली की खोल चाकोरी पडते, पुढच्या पावसाचे पाणी तिच्यातून धावते आणि माती वाहून जाते. मागचे चाक जाम करून घसरत उतरल्यास नुकसान आणखी वाढते. डोंगरावरचा तो मातीचा थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. अशा दिवशी सायकल घरी ठेवावी आणि पायी चढावे. वाट सुकली की उतरायला आहेच. मोठे कोणी बरोबर असल्यावाचून आणि डोक्याला हेल्मेट असल्यावाचून उतारावर जाऊ नये, हेही ओघाने आलेच.

आमच्या त्या विद्यार्थ्याचे प्लास्टर महिन्याभराने निघाले. गणपतीच्या सुटीत तो पुन्हा टेकडीकडे निघालेला मला दिसला. सायकल तीच, टायरही तेच. दुसरे घ्यायला वडिलांकडे पैसे नव्हते. पण या वेळी सायकल त्याने हातात धरली होती आणि दुसऱ्या हातात एक काठी होती. दर थोड्या अंतरावर तो ती मातीत खोचून पाहत होता. "सर, इथे बोटभर चिखल आहे आणि खाली कठीण आहे," तो म्हणाला. "आज उतरणार नाही."

प्रश्न आता बरोबर जागी विचारला जात होता.